कोपरापर्यंत हात

प्रल्हादराव आमचा गेम चोरून बाहेर देतात, असं मी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. सही झकास आली होती. मजकूर सगळा खोटा होता.

खोटा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू. पण तीही लंगडीच आहे. कारण त्या दिवशी मी तो कागद पंख्याखाली धरून शाई वाळवत होतो आणि ओळी कशा सरळ आल्यात हे तिरप्या मानेनं न्याहाळत होतो. बोर्ड रंगवणाऱ्या माणसाची खोड. काय लिहिलंय यापेक्षा कसं दिसतंय, यात जीव.

पुलगावात मुकेशच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्याच्यावरच्या दोन खोल्यांत नव्वदच्या दशकात मुकेशनं कॉम्प्युटर क्लास काढला. मी त्या क्लासचा बोर्ड रंगवायला शिडीवर चढलो, तो दहा वर्षं उतरलोच नाही. मुकेशला गेम करायचे होते आणि गेमला चित्रं लागत होती. आधी फ्लॉपीवर मावणारा विटीदांडू केला. तो क्लासच्या पोरांनीच खेळला आणि त्यांनीच नावं ठेवली. मग परदेशी गेमांची चित्रं रंगवून द्यायची कामं मिळाली. बेसबॉल नावाचा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. त्यातल्या खेळाडूंच्या हातातली बॅट मी धोपाटण्यासारखी काढली आणि ती तशीच अमेरिकेला गेली. पुढं मोबाइल आले, रंगीत पडद्याचे, आणि आमच्यातली खरी हुशार बाई सुनीता म्हणाली, "आता आपला सोताचा गेम करू. शंकरपटाचा."

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडं ती रक्तात आहे. दहा शर्यती, दहा पट, एकाहून एक अवघड. प्रोग्राम सुनीतानं लिहिला, बैल मी काढले.

गावाला आमचा भारी संशय. शेजारी दारूगोळ्याचा डेपो असल्यामुळं पुलगावला नव्या गोष्टीकडं आधी डोळे बारीक करून बघायची सवयच आहे. वरच्या खोलीचे पडदे सदा ओढलेले, आत तीन माणसं, कुणी काही विकत नाही, कुणी काही घेत नाही. खालचा इस्त्रीवाला तर लोकांना सांगायचा, "वर मार्कशिटा छापून राह्यले." अशा गावात, अशा जिन्यानं, एक दिवस प्रल्हादराव वर आले. संशयात ते अख्ख्या गावाला पुरून उरतील असे होते.

पांढरा सदरा, उजवी बाही कोपरावर दुमडलेली, डावी मात्र मनगटापर्यंत बटण लावून. चपला काढल्या, पण दाराशी ठेवल्या नाहीत. तोंड बाहेरच्या बाजूला करून स्वतःच्या खुर्चीशेजारी लावल्या. बसले ते भिंतीला पाठ लावून.

"बैलाचा गेम तुमीच केला का?"

मुकेश अभिमानानं हो म्हणाला. त्यांनी खिशातून भाच्याचा मोबाइल काढला, आम्ही क्लासच्या पोरांना नमुना म्हणून दिलेला पहिला पट लावला आणि पडदा आमच्याकडं फिरवला.

"हे बैल पयत नाई. घसरते."

मी म्हणालो, "काकाजी, गेम आहे तो."

"गेम असो का गाडी असो. बैल पयताना मागचे पाय आधी उचलते. हे कोनी काढले?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी आणि प्रल्हादरावांची ओळख झाली ती अशी.

ते रोहण्याचे. घरची शेती भावाकडं, आणि हे स्वतः वीस-बावीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. कापूस भरून आलेल्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर चढायचं, माल बघायचा आणि दर्जा ठरवायचा, हे काम. केंद्र बंद पडलं, हात रिकामे झाले. सुनीतानं त्यांना तिथल्या तिथं विचारलं, "काकाजी, आमचे गेम तपासून द्याल का?" मुकेशला वाटलं ती थट्टा करतेय. प्रल्हादरावांनी उजवी बाही आणखी एक घडी वर केली आणि म्हणाले, "सुरुवातीपासून नाई खेळनार. मंधातून."

मंधातून म्हणजे मधूनच. त्यामागचं कारण त्यांनी पुढं शंभरदा सांगितलं. बंडीतला वरचा कापूस कोरडा, पांढरा, लग्नातल्या नवरीसारखा असतो. पाणी मारलेला माल मध्ये दाबलेला असतो. म्हणून हात घालायचा तो मध्ये, आणि कोपरापर्यंत. मूठभर बाहेर काढायचा, गालाला लावायचा. गार लागला की समजायचं. त्यासाठी ती एक बाही कायम वर. केंद्र बंद झालं, बाही खाली आली नाही.

सुनीतानं त्यांच्यासाठी गेममध्ये एक चोरवाट ठेवली. स्टारचं बटण पाच वेळा दाबलं की हवा तो पट उघडायचा. प्रल्हादराव रोज सकाळी येऊन थेट सातवा पट उघडत. "पहिला पट कोनीही चांगलाच करते," म्हणत. "तिथं मालकाचं लक्ष असते. सातव्यापर्यंत सगळे थकते."

एकदा त्यांनी तासभर खेळून मोबाइल गालाला लावला आणि तसेच बसून राहिले. मला वाटलं कुणाचा फोन आला. पाच मिनिटांनी म्हणाले, "गरम हाय. आत काहीतरी खोटं हाय."

मुकेश हसला. मी तर इतका हसलो, की चहा नाकात गेला. सुनीता हसली नाही. तिनं दोन दिवस प्रोग्राम उसवला तेव्हा सापडलं, की शर्यत संपल्यावरही आतल्या आत बैल पळतच होते. पडदा शांत, पण आत चक्र चालू, बॅटरी फस्त. प्रल्हादरावांना सांगितलं तर म्हणाले, "मंग? गार पाहिजे तिथं गरम, गरम पाहिजे तिथं गार. सारखंच हाय ना हे."

सापडलेला प्रत्येक दोष ते एका दोनशेपानी वहीत लिहीत आणि वही पत्र्याच्या डब्यात ठेवून कुलूप लावत. मला त्या डब्याचा फार राग. कारण आत काय असेल हे मला पाठ होतं. दर सोमवारी पहिली ओळ तीच: 'सातवा पट, वळण. डाव्या बैलाले पाच पाय.' मी त्यांना समजावलं, की तो पाय नाही, वेगाचा भास आहे, कलेत असं करतात. ते म्हणाले, "बरं." पुढच्या सोमवारी पुन्हा: 'डाव्या बैलाले पाच पाय.' मी बदलला नाही. बदलला असता तर पाच मिनिटं लागली असती, पण मग ते बरोबर ठरले असते.

हळूहळू मी त्यांच्यावर पाळत ठेवू लागलो. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. या माणसाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, तेव्हा याच्यातच काहीतरी खोट असणार, असं माझं शास्त्र होतं. चहा आला की ते कप उचलून आधी खालून बघत. पाहुण्यांनी मिठाई आणली की वरचा थर बाजूला करून खालचा पेढा उचलत. मी मनात लिहून ठेवत होतो. माझीही एक वही तयार होत होती म्हणा, फक्त तिला कुलूप नव्हतं, त्यामुळं बायकोला रोज ऐकावी लागे.

मग हैदराबादची कंपनी आली. मोठी कंपनी, मोबाइलचे गेम देशभर पोचवणारी. त्यांना आमचा गेम हवा होता, आणि गेमसकट आम्ही. दोन साहेब आले. एक बोलत होता, दुसरा नुसता हसत होता. त्यांनी मिठाईचा मोठा डबा आणला. मी वरची काजूकतली उचलली. प्रल्हादरावांनी सवयीप्रमाणं खालचा थर उघडला, एक तुकडा नाकाशी नेला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "खालची शिळी हाय."

हसणारा साहेब हसायचा थांबला. मुकेश कानापर्यंत लाल झाला.

साहेब गेल्यावर प्रल्हादराव त्याला म्हणाले, "मुकेशभाऊ, कागद आला की मले दाखवजा. मले इंग्रजी येत नाई. पन मंधातलं पान कोनतं ते मी काढून देतो. सुनीताबाई वाचेल."

"हो हो काकाजी, दिखाएंगे ना," मुकेश म्हणाला. घाबरला की तो हिंदीवर यायचा.

कागद यायच्या आधीच भानगड झाली. अजून बाजारात न आलेला आमचा अख्खा शंकरपट वर्ध्याच्या एका मोबाइल दुकानात फुकट भरून मिळू लागला. हैदराबादला कळलं. त्यांचं पत्र आलं: तुमच्याकडून माल बाहेर कुणी नेला ते शोधा, त्याला काढा, तसं लेखी द्या, नाहीतर सौदा मोडला. आमची बाकी सगळी कामं तोवर आम्ही सौद्याच्या भरवशावर सोडून दिली होती. सौदा मोडला तर वरच्या खोल्यांना कुलूप, हे सरळ होतं.

मुकेशनं डोक्याला हात लावला. मी मात्र उठून उभा राहिलो. इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघत होतो तो आला होता. म्हणालो, "मला चार दिवस द्या."

सुनीता म्हणाली, "नंदूभाऊ, तुमी कायले? तुमाले सोताची छत्री सापडत नाई."

प्रल्हादराव दर शनिवारी दुपारी डबा घेऊन निघत. कुठं, विचारलं तर "रोहन्याले." रोहण्याची गाडी आर्वीकडं जाते. त्या शनिवारी मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून त्यांच्या मागं स्टँडवर गेलो, आणि हा माणूस वर्ध्याच्या गाडीत चढला! मीही मागच्या दारानं चढलो. कंडक्टर ओळखीचा निघाला, ओरडला, "काय नंदूभाऊ, दात दुखून राह्यला का?" मी दाताला हात लावला आणि वर्ध्यापर्यंत लावून ठेवला.

वर्ध्याच्या स्टँडवर ते एका बाकावर बसले. भिंतीला पाठ, चपला बाजूला. डबा उघडला. आतून मोबाइल काढला आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात दिला. तो माणूस दहा मिनिटं खेळला, परत देऊन गाडीत बसला. मग दुसरा. मग एक म्हातारी. प्रत्येकाकडं हे टक लावून बघत आणि वहीत काहीतरी लिहीत. शेवटी एका माणसानं त्यांना कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. त्यांनी इकडंतिकडं बघून ते पटकन डब्यात टाकलं.

एवढं पुरे झालं. मी पुढच्या गाडीनं परतलो आणि तो कागद लिहिला, सरळ ओळींचा.

सोमवारी मुकेशनं तो प्रल्हादरावांसमोर वाचला. वाचताना त्याचा आवाज खाली खाली जात होता. सुनीता मधेच म्हणाली, "काकाजी, तुमी सांगा ना. काऊन गेलते वर्ध्याले?"

"लोकं कुठं थांबते ते पाह्याले," ते म्हणाले. "स्टँडवरच्या मानसाले गेम खेयाचा नसते. त्याले गाडी येईपर्यंत वेळ काढाचा असते. त्याचा अंगठा जिथं थांबला तिथं आपला गेम वाईट. तुमाले सांगितलं असतं तर तुमी म्हनले असते गेम बाहेर नेऊ नका."

"आणि ते पुडकं?" मी विचारलं. माझा आवाज वकिलासारखा झाला होता.

"आलुबोंडा. जिंकला तो म्हनून त्यानं खाऊ घातला."

"आणि इकडंतिकडं बघून लपवलं ते?"

"कुत्रं होतं."

मी मुकेशकडं बघून अशी मान हलवली, की बघ, कसा तयार माणूस आहे. प्रल्हादरावांनी माझी मान बघितली. मग शांतपणे विचारलं, "चोरीचा माल कोनी खेयून पाह्यला का?"

वर्ध्याच्या दुकानातून गेम भरून आणलेला मोबाइल टेबलावरच होता. आम्ही सगळ्यांनी पहिला पट बघितला होता. आपलाच गेम, यापलीकडं बघायचं काय?

"मंधात कोनी हात घातला का, विचारून राह्यलो मी."

त्यांनी उजवी बाही एक घडी वर घेतली, मोबाइल उचलला, स्टार पाच वेळा दाबला. पडदा काडेपेटीएवढा, त्यांनी तो स्वतःकडं धरलेला. आम्हाला दिसत होता फक्त त्यांचा चेहरा. अंगठे चालत होते. मग थांबले. त्यांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत पडद्याकडं. मोबाइल गालाला लावला, बंद केला आणि ठेवून दिला.

"माल आपलाच हाय," ते म्हणाले. "लिहिलेलं राहू द्या. सही झाली हाय."

"काकाजी, म्हणजे तुमीच…?" मुकेशनं विचारलं.

त्यांनी डब्यातली वही काढून सुनीतासमोर ठेवली, रिकामा डबा काखेत मारला, चपला घातल्या. त्या दाराकडं तोंड करूनच होत्या, वेळ लागला नाही.

मी त्याला कबुली समजलो. त्या संध्याकाळी मी घरी जिलबी नेली.

करार आला, चाळीस पानांचा. सगळे घाईत होते. मुकेशनं पहिली दोन पानं वाचली, कारण त्यात आमचं कौतुक होतं, आणि शेवटचं वाचलं, कारण तिथं सही करायची होती. सुनीता म्हणाली, "मंधातलं?" मुकेश म्हणाला, "अब छोड ना, बाई." एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, की ऑफिस कुठं ठेवायचं, कुणाला ठेवायचं आणि कोणता गेम चालू ठेवायचा, हे सगळं कंपनी ठरवील. ते आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. तेव्हा कंपनीनं ठरवलं होतं. पुलगावचं ऑफिस बंद झालं. शंकरपट कधी निघालाच नाही. कपाटात घातला गेला. सुनीताला हैदराबादला बोलावलं, ती गेली. मुकेश खाली दुकानात साड्या उलगडू लागला. मी लग्नपत्रिका काढू लागलो, म्हणजे आधी फावल्या वेळात करायचो ते आता पूर्णवेळ.

आणि लग्नपत्रिकांनीच माझा घात केला. तीनेक वर्षांनी वर्ध्याच्या छापखान्यात एक पत्रिका घेऊन गेलो. मालकाचा जुना मोबाइल टेबलावर होता, त्यावर शंकरपट. "अरे, हा तुमच्याकडं कसा?" मी विचारलं.

"कसा म्हणजे? तुमीच तर दिला," तो म्हणाला. "एका पत्रिकेच्या सीडीत होता. मस्त हाय म्हनून मी बाजूच्या मोबाइलवाल्याले देल्ला. काऊन, द्याचा नव्हता का?"

आठवलं. साळ्याला दाखवायला म्हणून मी गेमची एक प्रत सीडीवर घरी नेली होती. त्याला मोठेपणा दाखवायचा म्हणून त्या प्रतीत चित्राची एक फाइल गुपचूप बदलली होती. सीडीत जागा शिल्लक होती. वाया कशाला घालवायची म्हणून तिच्यावरच कुणाच्या तरी मुलीची पत्रिका चढवली आणि छापखान्यात दिली. मी स्टार पाच वेळा दाबला. सातवा पट उघडला. वळणानंतर, अंतिम रेषेवर, भलामोठा भगवा फलक होता आणि त्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'चित्रकार नंदकिशोर, पुलगाव.'

प्रल्हादरावांनी त्या दिवशी हेच बघितलं होतं.

छापखानेवाल्याकडून तो मोबाइल मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी रोहण्याला गेलो. या वेळी दुपट्टा नव्हता, पण तोंड लपवावंसं तेव्हापेक्षा जास्त वाटत होतं. ते अंगणात बसले होते, भिंतीला पाठ लावून. समोर नुकत्याच वेचून आणलेल्या कापसाचा ढीग. मला बघून म्हणाले, "या नंदूभाऊ. दात बरा झाला का?"

म्हणजे त्या गाडीतही त्यांनी मला बघितलं होतं.

मी बोलायला सुरुवात केली. तीन वर्षांचं सगळं एका दमात. ते ढिगातला कापूस निवडत राहिले. माझं संपल्यावर मी विचारलं, "काकाजी, तेव्हाच काऊन नाई सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं? कंपनी म्हने, चोराले काढा. तुमाले काढलं असतं तर बैल कोनी काढले असते? गेमच राह्यला नसता. मी ग्रेडर. मी गेलो तरी दुकान चालते, असं वाटलं मले." त्यांनी एक पिवळी पाकळी ढिगातून वेचून बाजूला टाकली. "नाई चाललं. ते एक माझं चुकलंच."

मी मान खाली घातली. मग खिशातला मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात सदऱ्याला पुसले. बाही वरच होती, तरी सवयीनं एक घडी आणखी घेतली. स्टार पाच वेळा. त्यांचे अंगठे आता जाड आणि भेगाळलेले होते, पण वळणावर बैल त्यांनी अलगद घेतले. अंतिम रेषा आली. फलक आला. माझं नाव वाचत असावेत. त्यांचे ओठ हलले. मी डोळे मिटले. आता माफ केलं म्हणतील, नाहीतर हाकलून देतील.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," प्रल्हादराव म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. "पन नंदूभाऊ, सोताचं नाव टाकाले वेळ भेटला, अन् त्या बैलाचा पाचवा पाय खोडाले नाई भेटला?"